शिवलीलाच्या गाडीतला केशरी दिवा

शिवलीलाची लाल गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली, तरी भाजीवाली आपली हातगाडी बाजूला घ्यायची घाई करत नाही. आधी गिऱ्हाइकाला मेथीची जुडी देते, कोथिंबिरीच्या भावावरून दोन शब्द ऐकून घेते, पदर खोचते आणि मग सावकाश हातगाडी ढकलते. तोवर गाडी जेमतेम विजेच्या खांबापर्यंत आलेली असते. होटगी रोडच्या त्या कॉलनीत या वेगावरून बरीच चेष्टा चालते. शिवलीला ती ऐकते, हसते आणि त्याच वेगानं पुढं जाते. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बायका अजून रिक्षाची वाट बघत कोपऱ्यावर उभ्या असतात, हे तिला दिसत असतं.

ती मूळची अक्कलकोटच्या पुढच्या, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या बोरहळ्ळीची. घरात कानडी, शाळेत मराठी आणि भांडताना दोन्ही. लहानपणी तिनं एकदाच हट्ट केला होता, सायकलीचा. चुलत्याची सायकल घेऊन ती कैची मारत विहिरीभोवती दोन फेऱ्या मारून आली आणि तिसऱ्या फेरीला वडील समोर उभे. त्यांनी सायकल काढून घेतली, माळ्यावर टाकली आणि पोरीच्या जातीला चाकं कशाला, एवढंच बोलून जेवायला बसले. आई, काशम्मा, चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही आणि तोंडही उघडलं नाही. शिवलीला त्या दिवशी वडिलांवर रागावली नाही, आईवर रागावली. तो राग बरीच वर्षं पुरला.

मग लग्न होऊन ती सोलापुरात आली. रुद्रप्पांचा शेंगांचा व्यापार, मार्केट यार्डात गाळा. शेंगदाणा चिमटीत धरून, चोळून, वास घेऊन तो कुठल्या शिवारातला हे सांगणारा माणूस. स्वभावानं प्रेमळ, पण भित्रा. आणि आपण भित्रे नसून विचारी आहोत, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून शिवलीलानं संसार केला. मांडीवर पिशवी, पिशवीवर पोर आणि पोराच्या हातात आणखी एक पिशवी.

गाडी रुद्रप्पांनी स्वतःसाठी आणली होती. जुनीच, पण राखलेली. ती बनवणाऱ्या कंपनीनं या देशातून केव्हाच गाशा गुंडाळला होता, त्यामुळं ती स्वस्तात मिळाली. रुद्रप्पा चार दिवस शिकले. पाचव्या दिवशी दूध डेअरीच्या कठड्याशी त्यांची गाठ पडली. कठड्याला काही झालं नाही, गाडीलाही फारसं नाही. पण रुद्रप्पांनी घरी येऊन किल्ली देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि "हे आपलं काम न्हाय," असं जाहीर केलं. गाडी पोर्चमध्ये कापड पांघरून बसली. दोन पावसाळे तशीच.

शिवलीलानं ते कापड ओढून काढलं तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. मुलं आपापल्या संसारात गेली होती. ती गुपचूप क्लासला जाऊ लागली. शिकवणारा मास्तर म्हणायचा, "काकू, पायाखाली पापड हाय समजा. पापड मोडला की गाडी पळाली." तिनं पापड मोडू दिला नाही. रुद्रप्पांना कळलं तेव्हा लायसन हातात आलं होतं. मग त्यांना अडवता येईना, म्हणून त्यांनी नियम घातले. गाडीची पूजा केली, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि सांगितलं, "ही लक्ष्मी हाय. हिच्यावर पाय ठेवावा लागतोय तेच लई झालं. चपला काढून बसायचं. किल्ली फिरवली की आधी नमस्कार. अन् पाय हलका. लक्ष्मीला लाथ मारायची न्हाय." शिवलीलाला ते पटलं. वहीला पाय लागला तरी डोळ्याला हात लावणारी बाई ती; पॅडल दाबताना तिला मनातून थोडं अपराधीच वाटायचं. म्हणून ती अनवाणी बसायची, किल्ली फिरवून दोन्ही हात जोडायची आणि मगच निघायची. तिचा वेग असा धर्मातून आला होता.

काशम्माला यातलं सगळं फोनवरून कळायचं. ती आता ऐंशीच्या पुढं गेली होती, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. धाकटा मुलगा मंजुनाथ तिला सोलापूरला न्यायला दोनदा तयार झाला, जीपसुद्धा ठरवली. म्हातारी उंबऱ्यातून हलली नाही. शेवटी शिवलीलानंच फोनवर विचारलं, "अव्वा, असं का करतीस गं?"

काशम्मा म्हणाली, "तुज्या बापानं सायकल काडून घेतली तवा मी गप बसले. लई चुकलं माजं. आता जाईन तर तुज्या गाडीत. तू चालवायची. न्हाय तर ऱ्हाऊ देत डोळे हायत तसे."

फोन ठेवल्यावर शिवलीला स्वयंपाकघरात जाऊन रडली. जुना राग असा एका वाक्यात विरघळला, की तिला तो शोधूनही सापडेना. त्याच आठवड्यात तिनं दवाखान्यात तारीख घेतली. सोमवारी सकाळी ऑपरेशन, रविवारी संध्याकाळी तपासणीला हजर. रविवारी सकाळी आपण स्वतः गाडी घेऊन बोरहळ्ळीला यायचं आणि आईला आणायचं, असं तिनं कळवून टाकलं. ती एवढ्या लांब कधीच गेली नव्हती.

आणि बुधवारी मार्केटमधून परत येताना गाडीत दिवा लागला.

वेग दाखवणाऱ्या काट्याच्या खाली, केशरी रंगाचा, बारीक इंग्रजी अक्षरांचा. शिवलीलानं अक्षरं जुळवून अर्थ लावला: तेल बदला. तिनं काहीही न सांगता गाडी हरिबाच्या गॅरेजकडं वळवली. हरिबा म्हणजे कॉलनीच्या मागचा मिस्त्री. गाड्यांशी बोलतो जास्त, माणसांशी कमी. त्यानं दिवा पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, लाल दिवा लागला तर जाग्यावर थांबायचं. ह्यो केशरी हाय. ह्यो नुसता आठवण करतोय." दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासमोर जुनं काळं तेल डब्यात सोडलं, गाळणी बदलली, नवं तेल ओतलं. शिवलीलानं समाधानानं किल्ली फिरवली, हात जोडले आणि डोळे उघडून बघते तो दिवा तसाच.

हरिबानं डोकं खाजवलं. बॅटरीची वायर काढली, चहा मागवला, चहा पिऊन होईपर्यंत वायर तशीच ठेवली आणि पुन्हा जोडली. गाडीतलं घड्याळ बारावर जाऊन बसलं. दिवा मात्र होता तिथंच होता. "त्याला तेल दिसत न्हाय वहिनी," हरिबा म्हणाला, "त्यो किलोमीटर मोजतोय. तेल बदललं हे त्याला कुनीतरी सांगाय पायजे. कसं सांगायचं ते त्या कंपनीवाल्यालाच ठावं, अन् कंपनी तर गेली निघून. माजा एक दोस्त हाय, प्रभु. कंपनी हाय तवर तिच्याच वर्कशॉपात हुता. आता चिंचोळी एमआयडीसीत हाय. त्याला गाठतो." आणि गाठायच्या आधीच तो भाचीच्या लग्नाला नातेपुत्याला निघून गेला.

घरी रुद्रप्पांनी दिवा पाहिला, आणि तिथून खरा प्रश्न सुरू झाला.

"तेल बदललं म्हनतीस, मग दिवा का जळतोय?"

"त्याला कळत न्हाय हो, बदललंय ते."

"दिव्याला कळत न्हाय, अन् हरिबाला कळतंय व्हय?"

शिवलीलानं बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. रुद्रप्पांनी बोटावर थेंब घेतला, चोळला, उजेडात धरला, हुंगला. तेलातलं त्यांना कळतं, मग ते शेंगांचं असो नाहीतर आणखी कशाचं. तेल नवं होतं, मधासारखं स्वच्छ. त्यांनी ते कबूलही केलं. आणि मग म्हणाले, "तरीबी दिवा खोटं कशाला बोलंल?"

आयुष्यभर ज्या नाकावर धंदा केला, त्या नाकापेक्षा या माणसाचा विश्वास एका पाहुण्या दिव्यावर जास्त. शिवलीलाला हसावं की डोकं आपटावं कळेना. रुद्रप्पांनी किल्ली उचलून बंडीच्या खिशात टाकली आणि निकाल दिला. दिवा जळत असेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. बोरहळ्ळीच्या वाटेवर इंजिन बसलं, तर म्हातारीला भर उन्हात रस्त्यावर बसवणार का? मंजुनाथची जीप आहे, मुकाट्यानं जीप लावायची.

सगळ्यात वाईट म्हणजे हा प्रश्न तिलाही टोचला. तेल चांगलं आहे हे ती जाणून होती. पण वाटेत खरंच काही झालं तर? आंधळी आई, उजाड रस्ता आणि केशरी दिवा. त्या रात्री तिला नीट झोप आली नाही, आणि याबद्दल तिला नवऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

शेजारच्या शकुंतलाबाईंकडं प्रत्येक अडचणीवर उपाय असतो. त्या शाळेत क्लार्क होत्या. झाकता येईल ते झाकायचं, हा त्यांचा कार्यालयीन अनुभव. शनिवारी त्यांनी आपल्या पाकिटातली चांगली मोठी मरून टिकली काढून दिव्यावर चिकटवली. "झालं. दिसत नाही ना? मग नाहीच." शिवलीलाला ते फारसं पटलं नव्हतं, पण करून बघायला काय हरकत, म्हणून ती गप्प राहिली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला बोलावलं. रुद्रप्पा गाडीत बसले, किल्ली फिरवली, हात जोडले आणि बराच वेळ समोर बघत राहिले.

"शिवलीला, लक्ष्मीला कुंकू लावलंस, चांगलं केलंस," ते शांतपणे म्हणाले. "पर ते पेटलंय."

टिकली खरोखरच आतून निखाऱ्यासारखी लालभडक दिसत होती. शकुंतलाबाई कुंपणापलीकडं खाली वाकल्या आणि झाडाची वाळलेली पानं वेचू लागल्या. शिवलीलानं टिकली ओरबाडून काढली. तिला लाज वाटली ती पकडले गेल्याची नाही. आईला न्यायचं आणि ते अशी फसवणूक करून, याची.

रविवारी सकाळी मंजुनाथचा फोन आला. "अक्का, निगालीस का?" त्याच्या आवाजात हसू होतं. "अव्वा सकाळधरनं इरकल नेसून कट्ट्यावर बसलीया. गावभर सांगून झालंय तिचं, लेक गाडी चालवत येतीया म्हनून. मी म्हनलं, अगं, भावजीच चालवत येत्यात, तुला काय दिसतंय! दुपारपातूर आली न्हाईस तर जीप लावतो. अन् तिनं जीपला नकार दिला, तर मग मी काय करू न्हाय शकत."

मागून काशम्माचा आवाज आला: "येती म्हनली हाय न्हवं? येनारच."

शिवलीला फोन हातात धरून पोर्चमध्ये उभी राहिली. तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल, आणि म्हातारी पुन्हा हो म्हणेल की नाही, याचा भरवसा नव्हता. ती नवऱ्याकडं जाऊन हात पसरून उभी राहिली. "किल्ली द्या."

"दिवा गेला का?"

तेवढ्यात हातातला फोन पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. "वहिनी, मी प्रभु. हरिबाचा दोस्त. त्यानं लग्नातनं फोन करून तुमचा नंबर दिला. एमआयडीसीतनं बोलतोय, चहाची सुट्टी संपायच्या आत ऐका. गाडीत बसा."

शिवलीलानं फोन स्पीकरवर टाकला आणि नवऱ्याच्या बंडीच्या खिशात स्वतःच हात घातला. रुद्रप्पा इतके दचकले की अडवायचं विसरले आणि तिच्या मागोमाग येऊन शेजारच्या सीटवर बसले.

"किल्ली फिरवायची, पर इंजिन चालू करायचं न्हाय," प्रभु म्हणाला. "नुसतं दिवं लागले पायजेत. अन् लगेच, पाच सेकंदात, एक्सलेटर तीनदा दाबायचा. तीनदा दाबायचा, तीनदा सोडायचा. दिवा लुकलुकला की काम झालं."

एवढंच? चार दिवस घरात महाभारत, आणि उपाय एवढाच? शिवलीलानं किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले. मग शांतता. मग तिनं तीनदा पॅडल दाबलं. काहीच झालं नाही.

"वहिनी, मधी काय करत हुता तुमी?"

"नमस्कार."

"दोघं बी," रुद्रप्पांनी माहिती पुरवली.

पलीकडं प्रभुनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "नमस्कार आधी करून घ्या की! तेवढ्यात येळ जातोय."

शिवलीलानं मनातल्या मनात क्षमा मागितली, आधी हात जोडले, मग किल्ली फिरवली आणि लगेच दाबलं. एक, दोन, तीन. केशरी अक्षरं स्थिर. लुकलुकली नाहीत की हलली नाहीत.

"पूर्ण दाबलं का?"

"व्हय की, पूर्ण दाबलं."

तिनं आणखी एकदा केलं. पुन्हा तेच. फोनमध्ये भोंगा वाजला. "वहिनी, मला जायला पायजे. ह्या गाड्या मी अशाच करत हुतो, होतंय हे. तळाला लागलं पायजे बघा. खालचा पत्रा लागला पायजे." आणि फोन बंद झाला.

"बघ," रुद्रप्पा म्हणाले, पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. बायकोचा चेहरा बघून त्यांनाही वाईट वाटत होतं. "ऱ्हाऊ दे. मी बोलतो मंजुनाथशी. अव्वाला मी समजावतो."

शिवलीला आपल्या पायाकडं बघत होती. खालचा पत्रा. गाडी चालवायला लागून एवढे दिवस झाले. बाजार झाला, दवाखाने झाले, लग्नं झाली. या पॅडलच्या खाली पत्रा आहे, हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. तिचा पाय तिथवर कधी गेलाच नव्हता. ती पूर्ण म्हणत होती ते तिचं पूर्ण होतं, अर्ध्यावर येऊन थांबणारं. खाली तेवढंच आणखी शिल्लक होतं, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. उलट सगळ्यांनी, मास्तरापासून नवऱ्यापर्यंत, तिथं जाऊ नको हेच सांगितलं होतं. तिला एकदम संताप आला. हा संताप चांगला होता. त्यानं छाती मोकळी झाली.

तिनं सीट पुढं ओढली, साडी गुडघ्यापर्यंत आवरली आणि किल्ली फिरवली.

पहिल्यांदा पाय खाली गेला तो जातच राहिला, आणि खाली ठक् असा आवाज आला.

"अगं, अगं! लाथ काय मारतीस लक्ष्मीला!" रुद्रप्पा ओरडले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दाराची कडी धरली. इंजिन बंद होतं, पण हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"गप बसा हो!"

ठक्. ठक्.

केशरी अक्षरं लुकलुकली. एकदा गेली, आली, पुन्हा गेली. आणि मग तिथं काहीच उरलं नाही, नुसती काळी काच. शिवलीला श्वास रोखून बघत राहिली. मग तिनं स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले आणि तिच्या तोंडून माहेरची भाषा फुटली: "होतु! होतु! गेला हो, गेला!" हॉर्न वाजला तो तिच्या कोपरानं. कुंपणापलीकडून शकुंतलाबाईंचं डोकं वर आलं, त्यांनी काही न विचारता टाळ्या वाजवल्या.

रुद्रप्पांनी खातरजमा केल्याशिवाय आयुष्यात पोतं उचललेलं नाही. त्यांनी गाडी बंद करायला लावली, पुन्हा चालू करायला लावली. इंजिन गुरगुरलं. काच काळीच राहिली. ते पुढं वाकले, तिथं बोट फिरवून पाहिलं, आणि खाली उतरून घरात गेले. शिवलीलाला वाटलं, रुसले. पण ते डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली आणि काखेत शाल घेऊन बाहेर आले आणि पुढचं दार उघडू लागले.

"मागं बसा," शिवलीला म्हणाली. "पुढची सीट अव्वाची हाय."

ते निमूट मागं बसले. फाटकातून गाडी बाहेर पडली तेव्हा भाजीवालीनं सवयीनं मेथीची जुडी आधी गिऱ्हाइकाच्या हातात दिली, आणि मग तिला हातगाडी जरा घाईनं ओढावी लागली.

अक्कलकोट रोडला लागल्यावर शिवलीलाला कळलं की या गाडीच्या पोटात बरंच काही होतं आणि ते आजवर तिनं मागितलंच नव्हतं. वळसंगच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी आली. एरवी ती अशा ट्रॉलीच्या मागं मुक्कामाला राहिली असती. आज तिनं आरशात पाहिलं, समोर पाहिलं, रस्ता मोकळा दिसला आणि पाय दाबला. ट्रॉली मागं गेली. मागच्या सीटवर "शिव शिव शिव" असा जप सुरू झाला होता. तो जप संपल्यावर रुद्रप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बरी चालवतीस की गं." लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून एवढं कौतुक तिनं फक्त शेंगदाण्याचं ऐकलं होतं. तिला इतका आनंद झाला की पुढचा गतिरोधक चुकला, आणि रुद्रप्पा टोपीसकट छताला लागले.

बोरहळ्ळीत मंजुनाथच्या दारात जीप उभीच होती. शेजारी ड्रायव्हर बिडी ओढत होता. कट्ट्यावर काशम्मा बसली होती, इरकल साडी, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. गाडीचा आवाज ऐकून ती उठून उभी राहिली. शिवलीलानं उतरून तिचे पाय धरले.

"आलीस?" काशम्मानं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"आले अव्वा. चल."

तेवढ्यात रुद्रप्पा मागचं दार उघडून खाकरत उतरले, आणि काशम्माची मान त्या खाकरण्याकडं वळली. मंजुनाथला राहवलं नाही. "बग अव्वा, मी म्हनलं न्हवतं का? जावई आल्यात न्हवं बरूबर. त्यांनीच आनली आसंल गाडी."

म्हातारीचा चेहरा थोडा उतरला, आणि ते शिवलीलाला दिसलं. रुद्रप्पा काहीतरी सांगायला पुढं झाले. शिवलीलानं मान हलवून त्यांना थांबवलं. हे तोंडानं सांगून पटायचं नव्हतं. तिनं आईला धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, दार लावलं. फिरून पलीकडं येऊन बसली. गाडी चालू केली आणि डावा हात गियरवर ठेवला.

काशम्माचा हात चाचपडत आला. आधी तिच्या बोटांना सीटची कड लागली, मग पदर, मग मनगट. मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. म्हातारीनं त्या एकेक करून बोटांनी सरकवल्या, जशी बाजारात कासाराकडं बसून निवडते तशी, आणि त्यांच्याखालचा हात कुठं गेला आहे ते शोधत शोधत तिची बोटं गियरच्या मुठीपर्यंत पोचली. तिथं ती थांबली. खाली इंजिन थरथरत होतं.

"मंज्या," तिनं खिडकीबाहेर हाक मारली. तिचा आवाज ऐंशीच्या पुढचा वाटत नव्हता. "तुजी जीप परत धाडून दे."

मंजुनाथनं अक्काकडं पाहिलं, भावजींकडं पाहिलं. रुद्रप्पा मागच्या सीटवर ऐटीत बसून शाल नीट करत होते. मंजुनाथ हसला, या खेपेला वेगळं, आणि जीपवाल्याला जा म्हणून हात केला.

शिवलीला गाडी रस्त्याकडं वळवू लागली, तर काशम्मा म्हणाली, "तिकडनं न्हाय. आधी गावातनं."

"गावातनं कशाला अव्वा? तपासणीला वेळ होईल."

"व्हऊ दे की जरा."

मग लाल गाडी बोरहळ्ळीच्या गल्लीतून निघाली. काशम्माला घरं दिसत नव्हती, पण वळणावरून कुणाचं दार आलं ते तिला बरोबर कळत होतं. प्रत्येक दाराशी ती काचेबाहेर तोंड काढून मोठ्यानं सांगत होती, "नन्न मगळ गाडी! माज्या लेकीची गाडी! तीच चालवतीया!" बायका परातीतले हात तसेच घेऊन बाहेर येत होत्या. कुणी विचारलं, कुठं निघालीस, तर ती सांगत होती की डोळे करायला, आल्यावर सगळ्यांची तोंडं बघते म्हणून. शिवलीलाला समोरचा रस्ता मधूनमधून पुसट दिसत होता. ती पापण्या मिटून उघडून तो पुन्हा स्वच्छ करून घेत होती.

गावाबाहेरच्या डांबरीवर आल्यावर काशम्मा गप्प झाली. तिनं काच वर घेऊ दिली, पण लेकीच्या हातावरचा हात काढला नाही. शिवलीलानं तसाच दुसरा गियर टाकला, मग तिसरा, आणि दोघींचे हात एकदमच पुढं गेले.